नेमसर्व्हरची आवृत्ती पुढे गेली, व्यवस्थापन सॉफ्टवेअर मागे राहिले : नागपुरातील एका शिक्षणसंस्थेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात नागपुरातील एका शिक्षणसंस्थेत घडले. मी त्या संस्थेच्या नेटवर्क विभागात काम करतो आणि आमचा विभाग तिघांचा आहे. संस्थेचे नाव आणि आम्ही वापरत असलेल्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरचे नाव येथे दिलेले नाही. आवृत्त्यांचे क्रमांक मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळा घोटाळा त्या क्रमांकांचाच होता.

संस्थेचे मुख्य संकुल हिंगणा मार्गावर आहे आणि वर्धा मार्ग, कामठी मार्ग व काटोल मार्ग येथे बाकीची तीन संकुले आहेत. अंतर्गत डीएनएससाठी, म्हणजे उपकरणांच्या नावांवरून त्यांचे अंकी पत्ते सांगण्यासाठी, दोन नेमसर्व्हर होते. प्राथमिक सर्व्हर हिंगणा मार्गावर आणि त्याच्या माहितीची प्रत ठेवणारा दुय्यम वर्धा मार्गावर होता. दोन्हींवर उबंटू २०.०४ ही कार्यप्रणाली आणि त्यावर बाइंड या नेमसर्व्हर सॉफ्टवेअरची ९.१६ ही मालिका चालत होती. संस्थेतील प्रत्येक संगणकाला हे दोन्ही पत्ते दिलेले होते, त्यामुळे पहिल्याने उत्तर दिले नाही तर संगणक आपोआप दुसऱ्याला विचारत असे.

नेटवर्क व्यवस्थापन सॉफ्टवेअरकडे दोन कामे होती. स्विच, वायफायचे ॲक्सेस पॉइंट, प्रिंटर आणि सर्व्हर जिवंत आहेत की नाहीत हे पाहणे हे पहिले. दुसरे काम या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहे. उपकरणांची नावे आणि पत्ते त्याच सॉफ्टवेअरमध्ये नोंदवले जात. प्रत्येक बदलानंतर, तसेच रोज रात्री ११ वाजता, ते आपल्या साच्यांवरून बाइंडची कॉन्फिगरेशन फाइल आणि झोन फाइली (एकेका विभागाच्या नावांच्या व पत्त्यांच्या याद्या) नव्याने तयार करी, प्राथमिक सर्व्हरवर पाठवी आणि तेथे त्या पुन्हा वाचायला लावणारी ‘आरएनडीसी रीलोड’ ही आज्ञा देई. हाताने फाइल उघडण्याची गरज पडत नसे, आणि म्हणूनच त्या फाइलीत नेमके काय लिहिलेले आहे हे आमच्यापैकी कोणी तीन वर्षांत पाहिले नव्हते.

समस्या कशी समोर आली

सोमवार, २९ जुलै. प्रवेशाचे दिवस असल्याने चारही संकुलांत शुल्क भरण्याच्या खिडक्यांवर गर्दी होती. साडेदहाच्या सुमारास कामठी मार्गावरून संगणक चालकाचा फोन आला. शुक्रवारी नोंदवलेले दोन प्रिंटर आणि सहा संगणक नावाने सापडत नव्हते. आदल्या दिवशीच्या पावसात तिकडची वीज दोनदा गेली होती, म्हणून आम्ही आधी स्विचवर आणि मग संगणकांतील साठवलेल्या जुन्या उत्तरांवर संशय घेतला. त्यात पाऊण तास गेला. मग त्याच चालकाने दुसऱ्या फोनमध्ये एक वाक्य म्हटले, ज्यावरून आम्हाला दिशा मिळाली : “सर, जुनं सगळं चालू आहे, नवंच तेवढं चालत नाही.”

व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या पडद्यावर दोन्ही नेमसर्व्हर हिरवे दिसत होते आणि शुक्रवारपासूनच्या सर्व कामांपुढे ‘यशस्वी’ असे लिहिलेले होते. तरीही त्या वाक्यानंतर मी ‘डिग’ आज्ञेने दोन्ही सर्व्हरना वेगवेगळे विचारले. दुय्यम सर्व्हरने तत्काळ उत्तर दिले, पण ते गुरुवारच्या स्थितीचे होते. प्राथमिक सर्व्हरने उत्तरच दिले नाही. यंत्र चालू होते, पिंगला प्रतिसाद होता, पण नेमसर्व्हरची सेवा बंद होती. ती गुरुवारी सकाळपासून बंद होती.

यंत्राच्या जर्नलमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, सकाळी ६ वाजून ३४ मिनिटांची नोंद अगदी स्पष्ट होती. कॉन्फिगरेशन फाइलीतील ‘डीएनएससेक-एनेबल’ हा पर्याय आता अस्तित्वात नाही, आणि त्यामुळे फाइल वाचणे थांबले आहे.

मूळ कारण

२३ जुलै २०२४ रोजी बाइंडमधील चार सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्या. बाइंडच्या ९.१६ मालिकेची देखभाल त्याच वर्षी एप्रिलमध्ये संपलेली होती, त्यामुळे उबंटू २०.०४ साठी जी सुरक्षा-दुरुस्ती आली ती ९.१६ मधली नव्हती. तिने बाइंडला थेट ९.१८.२८ वर नेले. सुरक्षा-सूचनेत हे नमूद होते आणि ९.१६ वरून ९.१८ वर जाताना काय बदलते त्याच्या माहितीचा निर्देशही होता. आम्ही ती सूचना वाचली नाही. उबंटूचे स्वयंचलित अपडेट सकाळी ६ ते ७ च्या दरम्यान कधीतरी चालते. गुरुवारी ते चालले, नवी आवृत्ती बसली, सेवा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला आणि ती उठली नाही.

‘डीएनएससेक-एनेबल’ या पर्यायाचा प्रवास पाहिला म्हणजे विसंगती कशी शिजत जाते ते कळते. ९.११ मध्ये तो वैध होता. ९.१६ मध्ये तो कालबाह्य ठरला, म्हणजे बाइंड त्याकडे दुर्लक्ष करी आणि ‘ही ओळ काढून टाका’ असा इशारा लॉगमध्ये लिही. ९.१८ मध्ये त्याच ओळीची चूक झाली आणि ती असेल तर सेवा सुरूच होत नाही. आमच्या सॉफ्टवेअरचा साचा ९.११ च्या काळातला होता आणि ती ओळ प्रत्येक फाइलीत टाकत होता. आमच्या जुन्या लॉगमध्ये तो इशारा जवळजवळ रोज रात्री ११ नंतर उमटलेला आढळला. पुरवठादाराच्या माहितीपत्रातील सुसंगततेच्या तक्त्यातही नेमसर्व्हरसाठी ‘९.११ ते ९.१६’ एवढेच लिहिलेले होते. हा कागद आमच्याकडे होता.

दोष लपून का राहिला

या प्रश्नावर मी नंतर सर्वांत जास्त विचार केला आहे. सेवा बंद पडणे ही गोष्ट काही मिनिटांत कळायला हवी होती, प्रत्यक्षात तिला चार दिवस लागले.

पहिले कारण दुय्यम सर्व्हर. त्यावर स्वयंचलित अपडेट बंद होते, आणि तेही विचारपूर्वक नव्हे. २०२१ मध्ये वर्धा मार्गाची जोडणी संथ होती म्हणून ते तात्पुरते बंद केले होते आणि पुन्हा चालू करायचे राहून गेले. त्या विसरण्यामुळेच संस्था गुरुवारी सकाळी पूर्ण ठप्प झाली नाही, आणि त्याच विसरण्यामुळे दोष झाकलाही गेला.

दुसरे कारण सॉफ्टवेअरच्या तपासणीचे स्वरूप. नेमसेवा चालू आहे का हे पाहण्यासाठी ते एक ओळखीचे नाव विचारत असे, पण ते विचारणे यंत्राच्या नेहमीच्या यादीतून होई. पहिला गप्प राहिला की दुसरा उत्तर देई आणि दोन्ही चौकटी हिरव्या होत. तसेच ‘यशस्वी’ या शब्दाचा त्याच्या लेखी अर्थ फाइल पोहोचली एवढाच होता. त्यानंतरची रीलोडची आज्ञा अयशस्वी झाल्याचा मजकूर कामाच्या तपशिलात चार पातळ्या आत होता. तो कोणी उघडला नव्हता आणि स्थितीच्या रंगावर त्याचा काही परिणाम होत नव्हता.

तिसरे कारण आमचे स्वतःचे आहे. शनिवारी शुल्क-सर्व्हर नव्या यंत्रावर हलवला आणि नवा पत्ता नोंदवला. चाचणी लेखा विभागातील संगणकावरून केली, पण तेथे पत्ता थेट आकड्यांत भरलेला होता. नावाने चाचणी केली असती तर दोष शनिवारी संध्याकाळीच हाती लागला असता. जुने यंत्र ‘काही अडले तर असू द्या’ म्हणून चालूच ठेवले होते. परिणामी सोमवारी सकाळी १० पासून कामठी आणि काटोल मार्गावरील खिडक्या दुय्यम सर्व्हरने दिलेल्या जुन्या पत्त्यावर, म्हणजे जुन्या यंत्रावर, पावत्या फाडत होत्या, आणि हिंगणा मार्गावरील लेखा विभाग नव्यावर. दोन्ही यंत्रे एकाच क्रमाने पावती-क्रमांक देत होती. एकूण ४३ पावत्या जुन्या यंत्रावर गेल्या. उत्तर न मिळण्यापेक्षा जुने उत्तर मिळणे किती महाग पडते ते त्या दिवशी आम्ही पाहिले.

पहिला निर्णय : खिडक्या थांबवायच्या का

पावत्यांचा प्रकार १२ च्या सुमारास लक्षात आला. जुन्या यंत्रावरील शुल्क-सेवा ताबडतोब बंद करणे म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या पालकांना थांबवणे, आणि चालू ठेवणे म्हणजे दर मिनिटाला चुकीच्या नोंदी वाढवणे. लेखा विभागाच्या प्रमुख मॅडमनी क्षणभरही न घालवता सांगितले, की थांबलेली रांग संध्याकाळपर्यंत सांभाळता येते, दुहेरी क्रमांकाच्या पावत्या मार्चपर्यंत पुरतात. १२ वाजून १० मिनिटांनी जुनी सेवा बंद केली. दोन्ही संकुलांतील ११ खिडक्यांच्या संगणकांवर होस्ट्स फाइलीत (नेमसर्व्हरला विचारण्याआधी संगणक पाहतो त्या स्वतःच्या यादीत) नवा पत्ता हाताने लिहिला आणि १२.४५ ला रांगा पुन्हा सुरू झाल्या. हा उपाय ओंगळ आहे, कारण असे लिहिलेले पत्ते विसरले जातात आणि पुढच्या स्थलांतरात छळतात. म्हणून त्या ११ संगणकांची यादी फळ्यावर लिहिली. गुरुवारी एकेक करून त्या ओळी काढल्या.

दुसरा निर्णय : कोणता मार्ग घ्यायचा

आता वेळेचे गणित करणे भाग होते. आमच्या झोनमध्ये ‘एक्स्पायर’चे मूल्य ६,०४,८०० सेकंद, म्हणजे ७ दिवस होते. प्राथमिक सर्व्हरशी संपर्क झाला नाही तर दुय्यम सर्व्हर तेवढाच काळ जुनी माहिती देतो आणि मग त्या झोनपुरते उत्तर देणे थांबवतो. दुय्यम सर्व्हरवरील झोन फाइलीची वेळ पाहिली, तर शेवटची यशस्वी विचारपूस गुरुवारी पहाटे ४ वाजून ११ मिनिटांची होती. येत्या गुरुवारी, १ ऑगस्टला पहाटे ४ वाजून ११ मिनिटांनी, चारही संकुले अंतर्गत नावांना मुकणार होती. हातात अडीच दिवस होते.

मागे फिरणे, म्हणजे पुन्हा ९.१६ बसवणे, हा पहिला विचार होता. नेमसर्व्हर केवळ अंतर्गत वापराचे असल्याने काही दिवस जुन्या आवृत्तीवर राहण्याचा धोका मर्यादित होता. पण दुरुस्ती आल्यावर उबंटूच्या भांडारात आधीची ९.१६.४८ उरली नव्हती. मिळत होती ती २०२० मधील मूळ ९.१६.१, आणि आमच्या यंत्रातील जुनी पॅकेजे सफाईत गेली होती. चार वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवर उतरणे कोणालाच पटले नाही.

दुय्यम सर्व्हरला प्राथमिक करावे, असा आग्रह माझ्या एका सहकाऱ्याचा होता. तो चालत होता, आवृत्ती सॉफ्टवेअरला मानवणारी होती, आणि एका तासात काम झाले असते. पण दुय्यम सर्व्हर झोनची प्रत बाय डीफॉल्ट बायनरी स्वरूपात ठेवतो. ती ‘नेम्ड-कंपाइलझोन’ने मजकुरात आणावी लागली असती. शिवाय एकमेव चालता सर्व्हर हाताळताना काही चुकले असते तर मागे काहीच उरले नसते. सहकाऱ्याचे म्हणणे अयोग्य नव्हते. प्राथमिक सर्व्हर मंगळवारपर्यंत उठला नाही तर हाच मार्ग घ्यायचा, असे आम्ही लिहून ठेवले.

व्यवस्थापन सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेणे हे खरे उत्तर होते. पुरवठादाराच्या नव्या तक्त्यात ९.१८ होती. परंतु त्यासाठी डेटाबेसचे रूपांतर लागणार होते आणि प्रवेशाच्या आठवड्यात ते करणे मला बेजबाबदारपणाचे वाटले.

ती एक ओळ हाताने काढणे सर्वांत सोपे होते, पण रात्री ११ वाजता सॉफ्टवेअरने ती पुन्हा लिहिली असती. म्हणून असे ठरले, की आधी सॉफ्टवेअरचे लेखन थांबवायचे, हाताने दुरुस्ती करून सेवा उठवायची, आणि नंतर सॉफ्टवेअर व नेमसर्व्हर यांच्या मध्ये एक चाळणी बसवायची.

कृती आणि दुसरा अडथळा

दुपारी २ वाजता सॉफ्टवेअरमधील फाइल पाठवण्याची कामे स्थगित केली. ओळ काढली. ‘नेम्ड-चेककॉन्फ’ या बाइंडच्या तपासणी-आज्ञेने काहीही तक्रार केली नाही. सेवा सुरू झाली आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला, तो चार मिनिटे टिकला. शैक्षणिक विभागांचे झोन बरोबर उत्तर देत होते, उपकरणांचा झोन मात्र चढलाच नव्हता. लॉगमध्ये एका नावाखाली नोंदी मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे कारण होते.

जुलैच्या चार त्रुटींपैकी एक नेमकी याच गोष्टीची होती. एका नावाखाली फार मोठ्या संख्येने नोंदी असतील तर सर्व्हर मंदावतो, म्हणून ९.१८.२८ मध्ये एका नावाच्या एका प्रकारच्या नोंदींवर १०० ची डीफॉल्ट मर्यादा आली. आमच्या सॉफ्टवेअरला उपकरणांचे ‘गट’ करण्याची सोय आहे आणि ते गटाच्या नावाखाली सर्व पत्ते लिहिते. ‘सर्व ॲक्सेस पॉइंट’ या गटात १३७ पत्ते होते. ‘नेम्ड-चेककॉन्फ’ नुसते चालवले तर कॉन्फिगरेशनची रचना तपासते, झोनच्या आत डोकावत नाही, म्हणून ही बाब आधी दिसली नाही.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. प्रत्येक पत्त्याच्या नोंदीला १६ बाइट धरले तरी १३७ नोंदींचे उत्तर २,१९२ बाइटांचे होते, आणि यूडीपी या डीएनएसच्या नेहमीच्या झटपट मार्गावरील उत्तरासाठी २०२० पासून रूढ झालेली मर्यादा १,२३२ बाइटांची आहे. म्हणजे ते नाव कोणीही विचारले की उत्तर अपुरे येऊन टीसीपी या मोठी उत्तरे नेणाऱ्या मार्गावर पुन्हा विचारावे लागत होते. मर्यादा नवी असली तरी १३७ पत्त्यांचे एकच नाव ही रचना आधीपासूनच आजारी होती.

मर्यादा वाढवावी की गट फोडावा, यावर फार चर्चा झाली नाही. त्या झोनपुरते ‘मॅक्स-रेकॉर्ड्स-पर-टाइप’चे मूल्य २०० केले, पण ते किती दिवस ठेवायचे हे त्याच वेळी लिहून ठेवले. सायंकाळी ४.५० ला सर्व झोन चढले. प्राथमिक सर्व्हरवरील झोनचे अनुक्रमांक (माहिती बदलली की वाढणारे आकडे) दुय्यमपेक्षा पुढचे आहेत याची झोनवार खात्री केली, कारण ते मागे असते तर दुय्यमने नवी माहिती घेतलीच नसती. पाचच्या सुमारास कामठी मार्गावरून निरोप आला, की दोन्ही प्रिंटर नावाने छापत आहेत.

पुढील तीन दिवसांत चाळणी तयार झाली. सॉफ्टवेअर आता फाइली थेट बाइंडच्या जागी न लिहिता एका वेगळ्या फोल्डरमध्ये लिहिते आणि रीलोडऐवजी आमची स्क्रिप्ट चालवते. स्क्रिप्ट कालबाह्य ओळ काढते, कॉन्फिगरेशन तपासते, मग त्याच आवृत्तीच्या चाचणी-यंत्रावर सर्व झोन प्रत्यक्ष चढवून बघते, आणि तेथे प्रत्येक झोनचे उत्तर आले तरच फाइली खऱ्या सर्व्हरवर नेते. रीलोड फसला तर काम ‘अयशस्वी’ दाखवले जाते. पाच मिनिटांनी ती दोन्ही सर्व्हरना स्वतंत्रपणे अनुक्रमांक विचारते आणि ते जुळले नाहीत तर तिघांच्याही मोबाइलवर संदेश येतो.

परिणाम

४३ पावत्यांचा हिशेब लेखा विभागाने दोन दिवसांत हाताने जुळवला. १४ पालकांना नव्या क्रमांकाची पावती घेण्यासाठी पुन्हा बोलवावे लागले. त्यांतील काही जण कोंढाळी आणि उमरेडकडून आले होते आणि त्यांचा तो दिवस आमच्यामुळे गेला.

ॲक्सेस पॉइंटचा गट संकुलानुसार ५२, ३८, २९ आणि १८ असा फोडला आणि वाढवलेली मर्यादा काढून टाकली. दुय्यम सर्व्हर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, आम्ही तिघे समोर बसलेलो असताना, ९.१८ वर नेला. व्यवस्थापन सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दिवाळीच्या सुट्टीत, आधी डेटाबेसच्या प्रतीवर रंगीत तालीम करून बसवली. तिच्या साच्यात ती ओळ नाही. चाळणी मात्र आम्ही ठेवली आहे.

काय वेगळे करता आले असते

बाइंडचे पॅकेज गोठवून ठेवले असते तर हे घडले नसते, असे आम्हाला काही जणांनी सुचवले. मला ते पटत नाही. गोठवलेली नेमसेवा सुरक्षित नसते, आणि ज्या दिवशी ती हलवावीच लागते त्या दिवशी अंतर अधिक वाढलेले असते. आता आम्ही अपडेट आधी दुय्यम सर्व्हरवर घेतो, चार दिवस पाहतो आणि मग प्राथमिकवर घेतो. पूर्वी हाच क्रम योगायोगाने उलटा पडला होता.

इशाऱ्यांकडे पाहण्याची आमची रीतही बदलली. ९.१६ ने चार वर्षे रात्री ११ वाजता जे सांगितले ते कोणी वाचले नाही, कारण सेवा चालू होती. आता महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी, नेमसर्व्हरच्या लॉगमधील ‘कालबाह्य’ हा शब्द शोधून त्याची यादी काढली जाते आणि प्रत्येक ओळीपुढे ती कोणी काढायची त्याचे नाव लिहिले जाते. सुसंगततेचा तक्ता छापून सर्व्हर खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला आहे.

एक प्रश्न आमच्यात अजून मिटलेला नाही. एक्स्पायरचे मूल्य ७ दिवसांवरून १४ दिवस करावे का? १९९६ च्या आरएफसी १९१२ या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजात दोन ते चार आठवडे सुचवलेले आहेत, आणि १४ दिवस असते तर त्या सोमवारी आमच्यावर घड्याळाचा ताण नसता. पण ज्या जुन्या उत्तराने ४३ पावत्या चुकीच्या यंत्रावर नेल्या, तेच जुने उत्तर मग आणखी आठवडाभर देता आले असते. सहकारी १४ च्या बाजूने आहेत. अनुक्रमांकांची पाच मिनिटांची तपासणी सहा महिने एकही चूक न करता चालली तर मी मान्य करीन, असे मी सांगितले आहे, आणि तोवर मूल्य ७ दिवसच आहे.